भीड

कुकरची तिसरी शिट्टी मोजत होते, तेवढ्यात ग्लेनिस आली.
एका हातात झाकलेली बशी, रुबार्बचा केक, अजून कोमट.
दुसऱ्या हातात क्लिपबोर्ड, त्याला दोऱ्याने बांधलेलं पेन.
आधी बशी पुढे केली. मग क्लिपबोर्ड.

हॉस्पिटलमागच्या रिकाम्या इमारतीत
चाळीस माणसं आणून ठेवणार आहेत, म्हणाली,
देश सोडून आलेली. वाईट नसतील बिचारी.
पण आपली गल्ली केवढीशी.

ती 'अवर' म्हणाली.
आमची की आपली, ते इंग्रजी सांगत नाही.
मी आपली ऐकलं.
केटरिंगमध्ये बावीस वर्षं काढली,
या शब्दात मला ओढून घ्यायला कुणी आलं नव्हतं,
आणि आलं ते आज, हे घेऊन.

नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि आड आली ती फेब्रुवारीतली रात्र:
शिरीष कॉव्हेंट्रीत, घोट्याएवढा बर्फ,
नाइटगाऊनवर ओव्हरकोट चढवून
पहिल्या गिअरमध्ये गाडी रांगवत नेणारी ग्लेनिस.
नातं काय, फॉर्मवालीने विचारलं.
शेजार, ती म्हणाली,
आणि नऊ तास माझा हात सोडला नाही.

उद्या देते, म्हटलं.

शिरीष म्हणाला, करून टाक. एका सहीनं काय बिघडतंय?
उद्या तुला-मला काही झालं तर
दुसरी किल्ली तिच्याकडेच आहे.
मिहीर लीड्सहून अर्धा तास फोनवर बोलला,
एकूण एक मुद्दा बरोबर.
पण सकाळी कचऱ्याच्या डब्यापाशी
ग्लेनिस त्याला भेटणार नव्हती.

रात्री नावं वाचत बसले. एकतीस.
दातांचा डॉक्टर. शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणारा बर्नार्ड.
सव्विसावं, वैजयंती खांडगे,
त्याच टपोऱ्या अक्षरात, ज्यात ती
दुधाच्या बाटलीवर स्वतःचं नाव लिहायची,
त्याच इमारतीत, खोली नंबर चौदा.
तेव्हा तिथे आम्ही नर्सेस राहायचो,
आणि आमच्या फोडणीच्या वासाबद्दल
गल्लीतून एक चिठ्ठी आली होती, सह्यांसकट.

अकरा वाजता फोन लावला, भांडायलाच.
"अगं, स्वतः ग्लेनिस आली होती," वैजयंती म्हणाली,
"तोंडावर नाही कसं म्हणायचं?"
मग दोघी गप्प. तिच्याकडे डिशवॉशर चालू होता.

भीड भिकेची बहीण, मावशी म्हणायची.
इंग्रजीत भीड नाही, निदान मला शब्द सापडलेला नाही.
एकतीस सह्या पाहून वाटलं,
शब्दावाचून काही अडत नाही त्यांचं.

सकाळी बशी विसळली.
रिकामी परत करायची नाही, ही घरची शिकवण.
शंकरपाळे भरले.
क्रम मात्र मी ठरवला: आधी क्लिपबोर्ड, मग बशी.
"त्या इमारतीत मी दोन हिवाळे काढलेत, ग्लेनिस."
रात्रभर पाठ केलेलं पुढचं सगळं विसरले.

तिने बत्तिसावी ओळ पाहिली, कोरी.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"गॅरेथनं सांगितलं म्हणून फिरतेय गं मी.
दोन वर्षांनी फोन केला पोरानं.
काहीतरी मागितलं त्यानं, आणि मी..."
वाक्य तिथंच सोडून तिने शंकरपाळा तोंडात टाकला.
कडक आहे, म्हणाली.

मग क्लिपबोर्ड काखेत मारून
अकरा नंबरच्या दाराकडे गेली.
बेलवर बोट ठेवलं, पण दाबली नाही लगेच,
तोंडातला घास संपेपर्यंत थांबली.